जुनें औषध, नवा रोग

नवा रोग गांवांत शिरतो तेव्हां वैद्याच्या हातीं त्याच्यासाठीं शोधलेलें औषध नसतें. पण रुग्ण दाराशीं उभा असतो, आणि त्याला थांबावयास सांगतां येत नाहीं. अशा वेळीं वैद्य आपलें जुनें कपाट उघडतो, आणि दुसऱ्या कोणत्या तरी रोगासाठीं जमविलेल्या बाटल्यांपैकीं एखादी या नव्या शत्रूवर चालेल काय हें पाहूं लागतो. १९१८ सालीं मुंबई बंदरांतून शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली तेव्हां हेंच घडलें. त्या रोगाचा विषाणु तोंवर कोणाच्या हातीं लागला नव्हता. मनुष्याच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु वेगळा काढण्यांत यश आलें तें १९३३ सालीं. परंतु हिवतापावरील क्विनिन जवळ होतें, आणि ताप तो ताप या न्यायानें तें इन्फ्लुएंझाच्या रोग्यांनाहि देण्यांत आलें. त्या क्विनिननें किती जण वांचले? या प्रश्नाला उत्तर नाहीं. ज्यांना तें दिलें आणि ज्यांना दिलें नाहीं अशा दोन सारख्या गटांची मोजदाद करण्याची रीतच तेव्हां रूढ नव्हती.

जुन्या औषधाकडे वळण्यांत केवळ अगतिकता नसते. त्यांत शहाणपणहि असतें. नवें औषध शोधून, प्राण्यांवर पारखून, मग माणसांवर तपासून बाजारांत आणावयाचें म्हणजे बहुधा दहा वर्षांचें काम. आणि साथ कोणासाठीं खोळंबत नाहीं. जुन्या औषधाची मात्रा ठरलेली असते, त्याचे दोष माहीत असतात, तें कोणाला द्यावें व कोणाला देऊं नये याचा अनुभव गांठीं असतो, कारखान्यांत तें रोज तयार होत असतें, आणि पुष्कळदां त्याची किंमत गरिबालाहि झेपण्यासारखी असते. म्हणून ही वाट मोहक आहे. पण ‘हें औषध निर्धोक आहे’ आणि ‘हें औषध या रोगावर गुणकारी आहे’ हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिल्याच्या भरंवशावर दुसरें गृहीत धरणें ही या वाटेवरील मोठी फसगत होय. एड्स व कोविड या दोन महासाथींनीं हा धडा जगाला दिला, आणि दोन्ही वेळां त्याचें मोल प्राणांत घेतलें.

पहिली कथा अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत सुरू होते. तेथील मिशिगन कर्करोग प्रतिष्ठानांत जेरोम होर्विट्झ नांवाचे रसायनशास्त्रज्ञ कर्करोगाच्या पेशींना फसविण्याची एक युक्ति शोधीत होते. एका पेशीच्या दोन पेशी व्हावयाच्या म्हणजे तिला प्रथम आपल्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, नक्कल करावी लागते. ही नक्कल म्हणजे ठराविक मण्यांची एक लांब माळच. होर्विट्झ यांचा विचार असा, कीं खऱ्या मण्यासारखा दिसणारा, पण ज्याच्यापुढें दुसरा मणी ओंवतांच येणार नाहीं असा खोटा मणी त्या माळेंत शिरला, तर माळ तेथेंच अडेल आणि कर्करोगाची वाढ खुंटेल. १९६४ सालीं त्यांनीं असा एक मणी तयार केला. त्याचें लांबलचक रासायनिक नांव पुढें एझेडटी या तीन अक्षरांत आटोपलें. औषधशास्त्रांत त्याला झिडोव्हुडिन म्हणतात. कल्पना सुंदर होती. परंतु रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या उंदरांना तिचा कांहीं उपयोग झाला नाहीं. होर्विट्झ यांनीं तो पदार्थ बाजूला ठेवला. त्याचें पेटंटहि घेतलें नाहीं. १९७४ सालीं जर्मनींतील संशोधक वोल्फ्राम ऑस्टरटाग यांनीं उंदरांच्या एका विषाणूची वाढ या पदार्थानें रोखतां येते असें दाखविलें. परंतु त्या कुळांतल्या विषाणूंपासून माणसाला रोग होतो हें तेव्हां कोणाला ठाऊक नव्हतें, आणि म्हणून त्या शोधाचें चीज झालें नाहीं.

५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकांत लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांची हकीकत छापून आली. एरव्हीं निरोगी असलेल्या या तरुणांना एक दुर्मिळ न्यूमोनिया झाला होता. एड्सची ही पहिली नोंद. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याचा विषाणु वेगळा काढला; त्यालाच पुढें एचआयव्ही हें नांव मिळालें. हा विषाणु उलट्या चालीचा आहे. मनुष्याच्या पेशींत शिरल्यावर तो आपल्या आरएनएवरून डीएनएची माळ ओंवतो आणि ती पेशीच्या मूळ संग्रहांत नेऊन बसवितो. जेथें माळ ओंवली जाते तेथें खोटा मणी उपयोगी पडावा, हा तर्क आतां सरळ होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत सॅम्युएल ब्रोडर, हिरोआकी मित्सुया व रॉबर्ट यार्कोअन हे औषध कंपन्यांकडून निरनिराळे पदार्थ मागवून या विषाणूवर पारखून पाहत होते. बरोज वेलकम कंपनीनें केवळ खुणेचें अक्षर घालून पाठविलेल्या पदार्थांत एक एझेडटी होतें. फेब्रुवारी १९८५ मध्यें परीक्षानळींत त्यानें विषाणूला रोखलेलें दिसलें, आणि ३ जुलै १९८५ रोजीं तें पहिल्या रुग्णाला देण्यांत आलें. एकवीस वर्षें फळीवर पडून राहिलेल्या पदार्थाला त्याचा खरा रोग सांपडला होता.

पण सांपडला होता काय? परीक्षानळी ही माणूस नव्हे. हें ठरवावयाचें कसें, याची एक रीत ब्रिटनमध्यें याच्या सुमारें चाळीस वर्षें आधीं बसली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयरोगावरचें स्ट्रेप्टोमायसिन हें नवें औषध त्या देशांत फारच थोडें उपलब्ध होतें. सर्वांना पुरेल इतकें तें नव्हतेंच. तेव्हां संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं सुचविलें कीं, तें कोणाला मिळावें हें डॉक्टरच्या मर्जीवर न सोडतां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें यदृच्छेनें ठरवावें. ५५ रुग्णांना औषध व विश्रांति मिळाली, ५२ जणांना केवळ विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४ व दुसऱ्या गटांतील १४ जण दगावले. १९४८ सालीं हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्यांचें महत्त्व असें, कीं त्यांमुळें दोन्ही गट वयानें, अशक्तपणानें, रोगाच्या जोरानें सरासरीनें सारखे होतात; मग शेवटीं जो फरक उरतो तो बहुतांशीं औषधाचाच असतो. डॉक्टरनें स्वतः निवड केली तर नकळत तो आशा असलेल्याला औषध देतो, नाहीं तर आशा नसलेल्याला. आणि दोन्ही प्रकारें सत्य झांकलें जातें.

एझेडटीच्या बाबतींत हीच रीत अनुसरण्याचें ठरलें. २८२ रुग्ण निवडण्यांत आले. १४५ जणांना औषध मिळालें, १३७ जणांना तशीच दिसणारी पण निर्गुण पुडी. कोणाच्या वांट्याला काय आलें हें रुग्णांना ठाऊक नव्हतें, डॉक्टरांनाहि नव्हतें. या योजनेवर मोठा वाद झाला. जो रोग झाला म्हणजे मरण ठरलेलेंच, त्या रोगाच्या माणसाला जाणूनबुजून निर्गुण पुडी देणें ही क्रूरता नव्हे काय, असा प्रश्न रुग्ण आणि त्यांचे आप्त विचारीत होते. आणि तो प्रश्न खोटा नव्हता. सप्टेंबर १९८६ मध्यें मध्यंतरींची मोजदाद झाली तेव्हां निर्गुण पुडीच्या गटांत १९ मृत्यु झालेले होते आणि औषधाच्या गटांत १. चांचणी तेथेंच थांबविण्यांत आली आणि उरलेल्यांनाहि औषध देण्यांत आलें. १९ मार्च १९८७ रोजीं अमेरिकन सरकारनें त्याला मान्यता दिली.

त्या एकोणीस जणांचा विचार केल्यावांचून या कथेपुढें जातां येत नाहीं. त्यांना औषध मिळालें असतें तर त्यांतले कित्येक आणखी कांहीं काळ जगले असते, हें आज आपल्याला ठाऊक आहे. पण तें ठाऊक आहे तें त्यांच्यामुळेंच. औषध देण्यापूर्वी तें विष ठरेल कीं अमृत, हें कोणीच सांगूं शकत नव्हतें. एझेडटीनें अस्थींतील मज्जेवर आघात होऊन रुग्ण पंडुरोगी होत, त्यांना रक्त द्यावें लागे. तुलना झाली नसती तर हा दोषच मोठा दिसला असता आणि गुण दिसलाच नसता, किंवा याच्या अगदीं उलटहि झालें असतें.

हीच मोजदाद पुढें अति आशेलाहि आवर घालावयास कामीं आली. लक्षणें दिसण्यापूर्वींच एझेडटी सुरू केलें तर रोग दूर राहील असें अनेकांना वाटत होतें. ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्स येथें झालेल्या ‘कॉन्कॉर्ड’ चांचणीनें १९९३ सालीं दाखविलें कीं, एकट्या एझेडटीचा असा टिकाऊ लाभ होत नाहीं. विषाणु आपलें रूप पालटतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. उलट, गर्भवती मातेला व तिच्या नवजात बालकाला तें दिलें असतां बालकाला लागण होण्याचें प्रमाण शेंकडा २५.५ वरून ८.३ वर येतें, हें १९९४ सालीं सिद्ध झालें. १९९६ पासून तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली आणि एड्स हा मृत्युदंड न राहतां सांभाळतां येण्याजोगा आजार झाला.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मान्यता मिळाली तेव्हां एझेडटीचा वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार डॉलर होता. ज्या पदार्थाचें पेटंट त्याच्या जनकानें घेतलें नव्हतें तो असा महाग झाला, कारण एड्सवरील उपयोगाचें पेटंट कंपनीनें घेतलें होतें. १९३५ सालीं ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं मुंबईंत स्थापिलेल्या सिपला कंपनीनें पुढें हीं औषधें भारतांत तयार केलीं. आणि फेब्रुवारी २००१ मध्यें, त्यांचे पुत्र युसुफ हमीद यांच्या कारकीर्दींत, तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरांत, म्हणजे रोजच्या एका डॉलरहूनहि कमी खर्चांत, देण्याची तयारी एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेला कळविली. आफ्रिकेंतील गरीब देशांना उपचाराची दारें उघडलीं तीं बव्हंशीं यानंतर. भारत सरकारनें १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत व दिल्लींत हीं औषधें मोफत देण्यास आरंभ केला. गुण सिद्ध झाल्यावर ‘स्वस्त’ या शब्दाला केवढें बळ येतें, तें येथें दिसलें. गुण सिद्ध होण्यापूर्वी त्याच शब्दानें काय होतें, तें दुसऱ्या कथेंत दिसतें.

ही दुसरी कथा चीनमधील वूहान शहरांतली. ३१ डिसेंबर २०१९ रोजीं तेथील अनोळखी न्यूमोनियाची वार्ता जागतिक आरोग्य संघटनेला पोंचली; पुढच्या पंधरवड्यांतच त्या विषाणूची आनुवंशिक लिपि जगापुढें आली; ११ मार्च २०२० रोजीं संघटनेनें कोविड ही महासाथ असल्याचें सांगितलें. कपाट पुन्हां उघडलें गेलें. आणि आतां त्या कपाटांत एड्सवरचीं औषधेंहि ‘जुनीं औषधें’ होऊन बसलीं होतीं! वूहानमधील डॉक्टरांनीं त्यांतील लोपिनाव्हिर व रिटोनाव्हिर ही जोडी प्रथम उचलली. पण साथीच्या ऐन कल्लोळांतहि त्यांनीं चिठ्ठ्या टाकून १९९ रुग्णांची वांटणी केली, आणि मार्चच्या मध्यावर प्रामाणिकपणें कळविलें कीं, या जोडीचा लाभ दिसत नाहीं. त्या धैर्याची जितकी प्रशंसा व्हावयास हवी होती तितकी झाली नाहीं. कारण जगाचें लक्ष तोंवर दुसरीकडे वेधलें होतें.

तें दुसरें औषध म्हणजे क्लोरोक्विन व त्याचें सौम्य भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. क्लोरोक्विन १९३४ सालीं जर्मनींत तयार झालें. हिवतापावर त्यानें मोठी कामगिरी केली, आणि त्याचें भावंड संधिवात व ल्यूपस या आजारांत आजहि रोज घेतलें जातें. फेब्रुवारी २०२० मध्यें वूहानच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, परीक्षापात्रांतील पेशींत क्लोरोक्विन या नव्या विषाणूला रोखतें. पाठोपाठ फ्रान्समधील मार्सेय शहराहून एक निबंध आला. त्यांत हिशेबांत धरलेले रुग्ण अवघे ३६. औषध घेणारे २०, न घेणारे १६. वांटणी चिठ्ठ्यांची नव्हे. औषध घेणारे मुळांत २६ होते. त्यांतले तिघे अतिदक्षता विभागांत गेले, एक मरण पावला, एकानें मळमळीमुळें औषध सोडलें, एक रुग्णालय सोडून गेला. आणि हे सहाजण हिशेबांतून वगळून उरलेल्यांच्या नाकांतून विषाणु लवकर नाहींसा झाला असें सांगण्यांत आलें. ज्याला औषधानें गुण आला नाहीं त्याला मोजावयाचेंच नाहीं असें ठरविलें, तर कोणतें औषध गुणकारी ठरणार नाहीं? हा निबंध अखेर डिसेंबर २०२४ मध्यें मागें घेण्यांत आला; परंतु सुटलेला बाण तोंवर पावणेपांच वर्षें फिरत राहिला.

भीतीच्या त्या दिवसांत तुलनेची वाट पाहण्याचें भान थोड्यांनाच राहिलें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या कृतिगटानें मार्चमध्यें वैद्यकीय सेवकांना व रुग्णांच्या घरच्या माणसांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची सूचना केली. २८ मार्चला अमेरिकेनें रुग्णालयांत त्याच्या तातडीच्या वापराला परवानगी दिली. भारत हा या औषधाचा मोठा उत्पादक. त्यानें निर्यात आधीं थांबविली आणि मग कांहीं देशांसाठीं खुली केली. मुंबईंत धारावी व वरळी येथील दाट वस्तींत तें प्रतिबंधक म्हणून वांटण्याचा विचार एप्रिलमध्यें झाला होता. तो पुढें मागें ठेवण्यांत आला. इकडे ल्यूपस व संधिवाताच्या रोग्यांना, ज्यांच्यावर याचा गुण निःसंशय सिद्ध झालेला होता, आपलें रोजचें औषध मिळविण्यासाठीं दुकानें पालथीं घालावीं लागलीं. सिद्ध उपयोग मागें पडला आणि असिद्ध आशा पुढें सरकली.

याच वेळीं ब्रिटनमध्यें ऑक्सफर्डचे पीटर हॉर्बी व मार्टिन लँडरे यांनीं एक साधी योजना मांडली. तिचें नांव ‘रिकव्हरी’. नोंदणीपत्रक थोडक्यांत भरतां येण्याजोगें. रुग्ण दाखल झाला, त्यानें किंवा त्याच्या आप्तानें संमति दिली, कीं यंत्र चिठ्ठी टाकी: या रुग्णाला नेहमीचे उपचार, त्याला नेहमीच्या उपचारांबरोबर अमुक जुनें औषध. आणि शेवटीं एकच प्रश्न: अठ्ठाविसाव्या दिवशीं रुग्ण जिवंत आहे काय? १९ मार्च २०२० रोजीं पहिला रुग्ण नोंदला गेला. १७६ रुग्णालयें सामील झालीं. तीन महिन्यांच्या आंत ११ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. थकलेल्या डॉक्टर-परिचारिकांनीं रात्रपाळींत भरलेलीं हीं पत्रकें म्हणजेच या कथेंतील खरी प्रयोगशाळा होय.

५ जूनला पहिला निकाल आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या १,५६१ रुग्णांपैकीं शेंकडा २७ मरण पावले. न घेणाऱ्या ३,१५५ पैकीं शेंकडा २५. लाभ नाहींच. दहा दिवसांनीं अमेरिकेनें आपली तातडीची परवानगी मागें घेतली. नंतर अकराव्या दिवशीं, १६ जूनला, दुसरा निकाल आला, आणि तो कोणी फारसा अपेक्षिला नव्हता. डेक्सामेथासोन हें स्टेरॉइड जातीचें औषध १९५० नंतरच्या दशकांतलें, दम्यापासून संधिवातापर्यंत वापरलें जाणारें, अगदीं स्वस्त. तें रोज ६ मिलिग्रॅम, अधिकांत अधिक दहा दिवस, २,१०४ रुग्णांना दिलें होतें; ४,३२१ जणांना दिलेलें नव्हतें. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४१.४ वरून २९.३ वर आलें. केवळ प्राणवायु लागलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. परंतु ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांत लाभ नव्हता. तेथें औषध घेणाऱ्यांतले शेंकडा १७.८ व न घेणाऱ्यांतले १४ दगावले, म्हणजे कल झाला तर अपायाकडेच होता.

यांतील विपर्यास लक्षांत घेण्यासारखा आहे. स्टेरॉइडें शरीराची प्रतिकारशक्ति दडपतात. म्हणून विषाणूच्या रोगांत तीं सरसकट देऊं नयेत, असेंच जागतिक आरोग्य संघटनेचें त्या वर्षाच्या आरंभींचें मार्गदर्शन होतें. ज्यावर आशा होती तें औषध हरलें आणि ज्याची भीति होती तें जिंकलें. असें कां व्हावें?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचें उत्तर पेशीच्या दारांत आहे. पहिले प्रयोग आफ्रिकेंतील माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींवर झाले होते. त्या पेशींत हा विषाणु एका पिशवींत बसून आंत जातो, आणि ती पिशवी आंबट झाल्यावरच त्याला बाहेर पडतां येतें. क्लोरोक्विन तो आंबटपणा घालवितें आणि विषाणु पिशवींतच कोंडला जातो. पण माणसाच्या फुप्फुसांतील पेशींच्या पृष्ठभागावर एक असें विकर आहे कीं तें विषाणूला बाहेरच कापून आंत जाण्याची सरळ वाट करून देतें. पिशवीची गरजच उरत नाहीं. क्लोरोक्विननें कडी घातली ती ज्या दारानें चोर येतच नव्हता त्या दाराला! हा उलगडा जुलै २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. वास्तविक यापूर्वींहि डेंग्यू, चिकनगुनिया व इन्फ्लुएंझा यांच्या बाबतींत हेंच औषध परीक्षापात्रांत आशा दाखवून माणसांत अपेशी ठरलें होतें. ती सूचना घाईंत विसरली गेली.

डेक्सामेथासोनचें उत्तर रोगाच्या चालींत आहे. पहिल्या आठवड्यांत विषाणु वाढत असतो आणि शरीराची फौज त्याच्याशीं झुंजत असते. त्या वेळीं फौजेचे हात बांधणें म्हणजे शत्रूला मदत. पण कांहीं रुग्णांत दुसऱ्या आठवड्यांत विषाणु ओसरूं लागतो आणि बेभान झालेली फौज आपलेंच घर, म्हणजे फुप्फुस, जाळूं लागते. त्या घटकेला औषध विषाणूला हातहि लावीत नाहीं. तें केवळ घरच्या फौजेला आवरतें. तेंच औषध, तीच मात्रा. आठवड्याच्या फरकानें एकदां अपाय आणि एकदां प्राणदान. हें कोणाच्या अनुभवी नजरेला सहज दिसण्याजोगें नव्हतें; कारण शेंकडा बारांचा फरक एका डॉक्टरच्या स्मरणांत मावत नाहीं. तो हजारोंच्या मोजदादींतच उमटतो. मार्च २०२१ पर्यंत या एका शोधानें जगांत सुमारें १० लाख प्राण वांचले असावेत, असा ब्रिटिश आरोग्यसेवेचा अंदाज आहे.

निकाल हातीं आल्यावरहि तो नीट वाचावा लागतो, हें कटु ज्ञान २०२१ सालच्या दुसऱ्या लाटेनें महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचविलें. ‘प्राणवायु लागला तरच’ ही अट गळून पडली आणि साध्या तापालाहि, पहिल्याच दिवशीं, मोठ्या मात्रेंत स्टेरॉइडें घेतलीं गेलीं. मधुमेहाच्या रोग्यांत रक्तांतील साखर भडकली, प्रतिकारशक्ति खचली, आणि काळी बुरशी म्हणून ओळखला गेलेला म्युकरमायकोसिस फैलावण्यास जीं कारणें झालीं त्यांत हेंहि एक प्रमुख होतें. देशांत हजारो जणांना त्यानें गांठलें. कित्येकांना डोळा किंवा जबडा गमवावा लागला.

त्याच एप्रिल महिन्यांत पुणें, मुंबई, नागपूर येथें रेमडेसिविरच्या कुप्यांसाठीं आप्तेष्ट रात्रंदिवस रांगा लावीत होते आणि काळ्या बाजारांत वाटेल तो भाव देत होते. रेमडेसिविर हेंहि दुसऱ्या रोगांसाठीं शोधलेलें औषध; कांगोमधील इबोलाच्या चांचणींत तें मागें पडलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चांचणीनें, जींत ३० देशांतील ११ हजारांहून अधिक रुग्ण होते व भारतहि सामील होता, ऑक्टोबर २०२० मध्येंच कळविलें होतें कीं रेमडेसिविर, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लोपिनाव्हिर व इंटरफेरॉन या चारांनीं मृत्यु टळण्यास फारशी किंवा मुळींच मदत होत नाहीं. पुढें अधिक मोजदाद झाल्यावर, व्हेंटिलेटरवर न गेलेल्या रुग्णांत रेमडेसिविरचा थोडा लाभ दिसला, पण थोडाच. दागिने विकून ती कुपी आणणाऱ्या घरांतील माणसांना हें कोणी सांगितलें नव्हतें. कुपी मिळाली नाहीं म्हणून आपला माणूस गेला, अशी बोच मनांत बाळगणारीं घरें आजहि थोडीं नाहींत; त्या बोचेंतून त्यांना सोडविण्याचें सामर्थ्य त्या मोजदादींत आहे, कारण त्या कुपीवर जीव अवलंबून होता असें ती म्हणत नाहीं.

आतां त्या जुन्या प्रश्नाकडे पुन्हां पाहतां येईल: चिठ्ठी टाकून रुग्णांची वांटणी करणें ही क्रूरता कीं दया? १९८६ सालीं चिठ्ठीनें एकोणीस जणांना वंचित ठेवलेलें दिसलें. २०२० सालीं त्याच चिठ्ठीनें ३,१५५ जणांना निरुपयोगी औषधापासून दूर ठेवलें होतें. त्या त्या दिवशीं कोणता गट भाग्यवान हें कोणालाच ठाऊक नव्हतें. आणि जेथें खरोखरच कोणाला ठाऊक नाहीं तेथें चिठ्ठी ही अन्यायाची नव्हे, प्रामाणिकपणाची खूण आहे. क्रूरता असेल तर ती न मोजतां सर्वांना औषध देण्यांत आहे. कारण मग चूक झाली तरी ती कधींच कळत नाहीं, आणि १९१८ च्या क्विनिनप्रमाणें मृतांची साक्षहि वायां जाते.

पुढची साथ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. पण ती आली म्हणजे पुन्हां जुनें कपाट उघडेल आणि पुन्हां एखाद्या गोळीचें नांव घरोघर घेतलें जाईल. त्या वेळीं सुशिक्षित घरांनीं तीन साधे प्रश्न विचारावेत. हें औषध किती जणांना दिलें? किती जणांना दिलें नाहीं? आणि त्यांची वांटणी कोणी केली, डॉक्टरच्या मर्जीनें कीं चिठ्ठीनें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत आशा जरूर बाळगावी. मात्र तिला औषध म्हणूं नये.